'हाय गाइज' म्हणता ना? मग फासावर चढलेल्या या माणसाची गोष्ट वाचाच

कुठलंही रील उघडा. मिसळीचं नवं दुकान दाखवणारा दादा असो, राजगडाची वाट दाखवणारा ट्रेकर असो, नाहीतर पाच मिनिटांत नऊवारी नेसायला शिकवणारी ताई असो. पुढचं सगळं बोलणं अस्सल मराठीत असलं, तरी पहिले दोन शब्द ठरलेले असतात. 'हाय गाइज!'

हा शब्द इतका अंगवळणी पडलाय की तो इंग्रजी आहे, हेही आता कुणाच्या ध्यानात येत नाही. कॉलेजच्या ग्रुपवर, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, सोसायटीच्या गणपतीच्या तयारीत, सगळीकडे 'गाइज' असतातच. पण गंमत अशी, की हा मुळात साधा शब्द नव्हताच. ते एका माणसाचं नाव होतं. आणि इंग्लंडमधले लोक ते नाव प्रेमानं घेत नव्हते, तर दरवर्षी त्याचा पुतळा जाळताना घेत होते.

जाळायच्या पुतळ्याचं नाव जगातली सगळ्यात खेळीमेळीची हाक कसं झालं, त्याची ही गोष्ट.

आधी अर्थ बघूया

एकवचनातल्या 'गाय'चा अर्थ माणूस, पण पुरुष माणूस. 'जंटलमन' म्हटलं की सद्गृहस्थ डोळ्यांपुढे येतो, 'मॅन' म्हटलं की नुसता पुरुष, आणि 'गाय' म्हटलं की आपल्याकडचा 'गडी', 'पोरगा' किंवा 'तो एक जण' यांच्या जवळपासचा कुणीतरी. शब्द अनौपचारिक आहे. मित्रांत चालतो, बँकेच्या अर्जात चालत नाही.

त्याच्या जोड्याही बऱ्याच आहेत. 'नाइस गाय' म्हणजे भला माणूस. 'टफ गाय' म्हणजे खमक्या. 'बॅड गाय' म्हणजे सिनेमातला खलनायक. 'फॉल गाय' म्हणजे दुसऱ्याच्या चुकीचं खापर ज्याच्या डोक्यावर फुटतं तो, आपल्या भाषेत बळीचा बकरा. 'वाइज गाय' मात्र फसवा आहे. शब्दशः शहाणा माणूस, पण म्हणायचं असतं 'अतिशहाणा'. तेव्हा कुणी तुम्हाला 'वाइज गाय' म्हटलं, तर लगेच 'थँक यू' म्हणू नका.

उच्चार आपल्या गोठ्यातल्या गायीसारखाच. त्यामुळे 'ही इज अ गुड गाय' या वाक्यावर आपल्याकडे किती विनोद झाले असतील, याची मोजदाद नाही. आणि हो, तंबूचे दोर ताणून खुंट्यांना बांधतात, त्या दोरांनाही इंग्रजीत 'गाय'च म्हणतात. पण तो शब्द निराळा आहे. त्याचं मूळ वाट दाखवणं, वळवणं या अर्थाच्या जुन्या शब्दात आहे. आपल्या गोष्टीशी त्याचा संबंध नाही.

नाव होतं गाय, आडनाव फॉक्स

'गाय' हे इंग्लंडमधलं जुनं पुरुषी नाव. ते तिथे नेलं फ्रान्सच्या नॉर्मन लोकांनी, १०६६ साली इंग्लंड जिंकल्यानंतर. त्याचं मूळ 'विडो' या जुन्या जर्मानिक नावात आहे. फ्रेंचमध्ये अशा जुन्या शब्दांतला 'व' पुष्कळदा 'ग' होतो, म्हणूनच इंग्रजीतला विल्यम फ्रेंचमध्ये गियोम होतो. तसंच विडोचं फ्रेंचमध्ये 'गी' झालं, इटलीत 'ग्विदो' आणि इंग्लंडमध्ये 'गाय'. ज्यांच्या कथांची मराठीत पुष्कळ भाषांतरं झाली, ते फ्रेंच लेखक गी द मोपासाँ आठवतात? त्यांचं 'गी' आणि तुमच्या रीलमधलं 'गाय' हे एकच नाव आहे.

आपला गाय फॉक्स १५७० साली यॉर्क शहरात जन्मला. वडील प्रोटेस्टंट. ते गाय लहान असतानाच वारले, आणि आईनं पुढे ज्याच्याशी लग्न केलं तो कॅथलिक होता. आज यात काही विशेष वाटणार नाही, पण त्या काळच्या इंग्लंडमध्ये हा जिवावरचा मामला होता. राजसत्ता प्रोटेस्टंट होती. कॅथलिक पद्धतीची प्रार्थना गुन्हा होती, सरकारी चर्चमध्ये हजेरी लावली नाही तर दंड बसे आणि कॅथलिक धर्मगुरूंना देहान्त शिक्षा होत असे. गाय मोठेपणी कॅथलिक झाला, युरोपात गेला आणि कॅथलिक स्पेनच्या सैन्यात भरती झाला. तिथे त्यानं बरीच वर्षं लढाया केल्या, दारूगोळ्याचं काम शिकला आणि स्वतःला 'ग्विदो' म्हणवून घेऊ लागला.

१६०३ साली पहिला जेम्स इंग्लंडच्या गादीवर आला. हा राजा आपल्याला जरा मोकळीक देईल, अशी आशा कॅथलिकांना होती. ती फोल ठरली. मग रॉबर्ट केट्सबी नावाच्या एका सरदारपुत्रानं एक भयंकर बेत रचला. संसदेच्या उद्घाटनाला राजा, राजघराणं, उमराव, बिशप सगळे एका छताखाली येतात. तेव्हाच ती इमारत उडवून द्यायची.

कटात एकूण १३ जण होते. त्यांनी हाउस ऑफ लॉर्ड्सच्या बरोबर खालचं तळघर भाड्यानं घेतलं, हो, रीतसर भाड्यानं! तिथे बंदुकीच्या दारूची ३६ पिंपं आणून ठेवली आणि वरून लाकूडफाटा रचला. वात पेटवायचं काम आलं गाय फॉक्सकडे. दारूगोळ्याचा अनुभव त्याला होता आणि इतकी वर्षं परदेशात काढल्यामुळे लंडनमध्ये त्याचा चेहरा ओळखणारंही फारसं कुणी नव्हतं.

उद्घाटन ठरलं होतं ५ नोव्हेंबर १६०५ रोजी. त्याच्या दहा दिवस आधी माँटीगल नावाच्या उमरावाच्या हाती एक निनावी पत्र पडलं. त्या दिवशी संसदेकडे फिरकू नका, असा त्यात इशारा होता. माँटीगलनं ते थेट राजाच्या मंत्र्याकडे पोचवलं. ४ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास शिपायांनी तळघराची झडती घेतली, तेव्हा एक उंचापुरा माणूस तिथे पहारा देत सापडला. नाव विचारल्यावर तो म्हणाला, जॉन जॉन्सन.

तोच गाय फॉक्स. खरं नाव त्यानं सहजासहजी सांगितलं नाही. मग राजाच्या परवानगीनं टॉवर ऑफ लंडनमध्ये त्याचा छळ झाला. त्याच्या जबान्यांवरच्या सह्या आजही जपून ठेवल्या आहेत. छळानंतरची एक सही इतकी थरथरती आहे की ती माणसाच्या हातची आहे, यावर विश्वास बसत नाही. सहीतलं नाव आहे ग्विदो.

कटाचा म्होरक्या केट्सबी काही दिवसांतच शिपायांशी झालेल्या चकमकीत मारला गेला. गाय फॉक्सवर खटला चालला आणि ३१ जानेवारी १६०६ रोजी त्याला वधस्तंभावर नेलं. शिक्षा अशी होती, की फासावर लटकवायचं, जिवंतपणीच खाली उतरवून पोट फाडायचं आणि शरीराचे चार तुकडे करायचे. पण फासावर त्याची मान मोडली आणि पुढचे हाल होण्याआधीच त्याचा जीव गेला.

डोकं केट्सबीचं, पैसा इतरांचा, आणि नाव राहिलं ते वात पेटवणाऱ्याचं. कारण पिंपांपाशी रंगेहाथ सापडला तो हाच. व्हायरल कोण होणार याचे नियम तेव्हाही न्याय्य नव्हते.

नावाचा झाला पुतळा, पुतळ्याची झाली शिवी

राजा वाचला म्हणून लंडनच्या लोकांनी त्याच संध्याकाळी रस्त्यात शेकोट्या पेटवल्या. पुढच्याच वर्षी संसदेनं कायदा करून ५ नोव्हेंबर हा देवाचे आभार मानण्याचा दिवस ठरवला. हा कायदा १८५९ पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षं टिकला. कायदा गेला तरी सण राहिला. आजही ब्रिटनमध्ये ५ नोव्हेंबरला शेकोट्या पेटतात आणि फटाके उडतात. दिवाळीच्या आसपासच हे येत असल्यामुळे तिथल्या भारतीय घरांतल्या मुलांची चंगळ होते, ती वेगळीच.

शेकोटीत सुरुवातीच्या काळात पोपचे पुतळे जाळत. कॅथलिकांवरचा राग त्यांच्या सर्वोच्च धर्मगुरूवर निघे. पुढे पोप मागे पडला आणि गाय फॉक्सचा पुतळा पुढे आला. मुलं जुनेपुराणे कपडे गोळा करत, त्यांत गवत आणि चिंध्या कोंबत, वर वेडीवाकडी टोपी बसवत. मग तो पुतळा ढकलगाडीवर घालून गल्लोगल्ली फिरत आणि 'गायसाठी एक पेनी द्या' म्हणत फटाक्यांसाठी वर्गणी मागत. होळीला लाकडं आणि वर्गणी मागत फिरणारी आपली पोरं आठवा, चित्र तेच. नागपूरकरांना बडग्याही आठवेल.

इथे भाषेनं पहिलं वळण घेतलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा कुठल्याही पुतळ्याला नुसतं 'अ गाय' म्हणू लागले. विशेषनामाचं सामान्यनाम झालं, कळ लावणाऱ्या कुणालाही आपण 'नारद' म्हणतो तसं.

दुसरं वळण १८३० च्या दशकातलं. त्या पुतळ्यासारखा गबाळा, विचित्र कपडे घातलेला जिवंत माणूसही 'गाय' झाला. मराठीत हे समजावून सांगायची गरजच नाही. 'काय बुजगावण्यासारखा आलायस!' असं आपण म्हणतोच की. व्हिक्टोरियन काळात एखाद्या बाईला 'या टोपीत तुम्ही अगदी गाय दिसता' असं म्हटलं असतं, तर भांडणच झालं असतं. याच अर्थातून 'टू गाय' हे क्रियापदही आलं. अर्थ, टर उडवणं. शब्दकोशांत ते अजून आहे.

म्हणजे इथवर हा शब्द खालीखालीच चालला होता. देशद्रोही, मग गवताचा पुतळा, मग गबाळा माणूस. तो वर आला अटलांटिक ओलांडल्यावर.

अमेरिका विसरली, म्हणून शब्द वाचला

अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतींतही ५ नोव्हेंबर साजरा व्हायचा. बॉस्टनमध्ये तर त्याला 'पोप नाइट' म्हणत आणि पुतळ्यांच्या मिरवणुकींत दोन गटांची तुंबळ मारामारीही होई. पण १७७५ साली, स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, जॉर्ज वॉशिंग्टननं आपल्या सैनिकांना हा प्रकार करायला मनाई केली. कारण रोखठोक होतं. कॅनडातल्या फ्रेंच कॅथलिकांची मदत हवी असताना त्यांच्या पोपचा पुतळा जाळणं हा शुद्ध वेडेपणा होता. पुढे देश वेगळा झाला, इंग्लंडचा राजा वाचल्याचा आनंद अमेरिकेनं कशाला करायचा? सण विरत गेला.

सण गेला तरी शब्द येत राहिला. पण समोर पुतळा नाही, शेकोटी नाही, त्यामुळे त्यातला डंख अमेरिकन कानांना जाणवेना. १८४० च्या दशकापासून तिथे 'गाय' म्हणजे गबाळा माणूस नव्हे, तर नुसता 'माणूस' असा अर्थ दिसू लागतो. इंग्लंडमध्ये मात्र जुना टोमणा बरीच वर्षं टिकला. एकाच वेळी एका किनाऱ्यावर शिवी आणि दुसऱ्या किनाऱ्यावर सलगी, असा हा शब्द होता. पुढे हॉलिवूडच्या सिनेमांनी अमेरिकन अर्थ जगभर नेला आणि ब्रिटनही त्यापुढे नमलं.

'तू' हरवल्याची भरपाई

तरीही एक प्रश्न उरतोच. माणसासाठी इंग्रजीत 'चॅप', 'फेलो', 'ब्लोक', 'ड्यूड' असे शब्द असताना 'गाइज'च का जिंकला?

त्याचं उत्तर एका सर्वनामात आहे. इंग्रजीत पूर्वी आपल्यासारखीच दोन रूपं होती. 'दाऊ' म्हणजे तू आणि 'यू' म्हणजे तुम्ही. मोठ्या माणसांना आदरानं 'यू' म्हणायची रीत पडली, ती वाढत वाढत सगळ्यांनाच लागू झाली आणि सतराव्या शतकात प्रमाण इंग्रजीतून 'दाऊ' जवळजवळ हद्दपार झालं. गाय फॉक्सच्या यॉर्कशरमधल्या बोलीत ते पुढेही तग धरून राहिलं, हा एक योगायोग. पण बाकीच्यांपुढे पंचाईत झाली. 'यू' म्हणजे समोरचा एक जण, की सगळे?

आपल्यालाही हे नवं नाही. 'तुम्ही कधी येताय?' हे सासऱ्यांना विचारलंय की सगळ्या कुटुंबाला, असा घोळ होतो, म्हणून आपण 'तुम्ही सगळे', 'तुम्ही लोक' म्हणतो. इंग्रजी बोलणाऱ्यांनी ठिकठिकाणी हाच उपाय केला. अमेरिकेच्या दक्षिणेत 'यॉल' झालं, आयर्लंडमध्ये 'यूझ', पिट्सबर्गमध्ये 'यिंझ'. आणि अमेरिकेच्या बऱ्याच मोठ्या भागात झालं 'यू गाइज'. 'हाय गाइज'ला जे बळ मिळालं ते इथून. व्याकरणात रिकामी पडलेली जागा या शब्दानं भरून काढली.

पण पुरुषांसाठीचा शब्द सगळ्यांसाठी चालला कसा? सुरुवातीला चालत नव्हताच. १९५० साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'गाइज अँड डॉल्स' हे संगीत नाटक गाजलं. नावातच वाटणी स्पष्ट आहे, गाइज म्हणजे पुरुष आणि डॉल्स म्हणजे बायका. पुढच्या वीस-एक वर्षांत चित्र पालटलं. १९७१ साली सुरू झालेल्या 'द इलेक्ट्रिक कंपनी' या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमात अभिनेत्री रीटा मोरेनो 'हे, यू गाइज!' अशी आरोळी ठोकायची. हाक मारणारी बाई, ऐकणारी मुलं-मुली दोन्ही. कुणाला त्यात खटकण्यासारखं फारसं वाटलं नाही.

मग मुली 'गाइज' आहेत की नाहीत?

यावर इंग्रजी बोलणाऱ्या देशांत खरोखर वाद आहे. एका बाजूचं म्हणणं, शब्दाचा अर्थ वापरानं ठरतो. मुलीच मुलींना 'यू गाइज' म्हणतात, मग प्रश्न कुठे आला? दुसरी बाजू एक साधी परीक्षा द्यायला सांगते. 'अ गाय' डोळ्यांसमोर आणा, बाई दिसते का? किंवा एखाद्या पुरुषाला विचारा, 'आजवर किती गाइजना डेट केलंस?' तो 'गाइज'मध्ये मुली धरेल का? नाही धरणार. म्हणजे हाक मारताना शब्द सर्वांचा, पण माणसं मोजताना पुरुषांचाच. दहा इंजिनिअरांच्या खोलीत एकटीच बाई असते, तेव्हा रोजच्या 'ओके गाइज'मध्ये आपण आहोत की नाही, हा प्रश्न तिला पडू शकतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून परदेशांतल्या काही कंपन्या आणि शाळा 'फोक्स', 'टीम', 'एव्हरीवन' असे शब्द सुचवतात.

हे वाचून 'इंग्रजीवाल्यांची नसती उठाठेव' असं वाटत असेल, तर आपल्याकडे बघा. कॉलेजातल्या मैत्रिणी हल्ली एकमेकींना 'अगं'ऐवजी सर्रास 'अरे' म्हणतात. 'अरे ऐक ना' म्हणणारीला समोर मुलगी आहे हे ठाऊक असतं. तरी सर्वांसाठीचं रूप म्हणून निवड होते ती पुल्लिंगीच.

मराठीत मात्र याचं तयार उत्तर आहे. 'मंडळी'! स्त्री, पुरुष, लहान, थोर सगळे त्यात बसतात. 'नमस्कार मंडळी'मध्ये कुणी बाहेर राहत नाही. जुन्या पिढीतले पुरुष बायकोचं नाव घ्यायचं टाळून 'आमची मंडळी' म्हणायचे, ती आणखी वेगळी गंमत.

'गाइज' वापरायचाच असेल, तर एवढं पाहा. मित्रांत, ग्रुपवर, रीलमध्ये बिनधास्त चालतो. नोकरीच्या अर्जात, ग्राहकाला पाठवलेल्या मेलमध्ये, वयानं आणि हुद्द्यानं मोठ्या माणसांच्या सभेत नको. आणि एकट्या माणसाला 'हाय गाइज' म्हणू नका, शेवटचा 'ज' बहुवचनाचा आहे. एका मुलीला 'अ गाय' म्हणणं तर चूकच.

नाव गेलं, चेहरा राहिला

शब्द जगभर पसरला तेव्हा त्यातला माणूस पार पुसला गेला होता. मग तो भलत्याच वाटेनं परत आला. १९८० च्या दशकात ॲलन मूर आणि डेव्हिड लॉइड यांनी 'व्ही फॉर व्हेंडेटा' ही चित्रकथा केली. तिच्या नायकाला लॉइडनं गाय फॉक्सचा मुखवटा दिला. पांढरा चेहरा, वर वळलेल्या मिशा, टोकदार दाढी आणि ओठांवर हसू. त्यावर सिनेमा निघाला आणि मुखवटे दुकानांत आले. 'ॲनॉनिमस' या हॅकरांच्या गटानं तो आपलासा केला. जून २०१२ मध्ये इंटरनेटवरच्या सेन्सॉरशिपविरुद्ध भारतातल्या अनेक शहरांत निदर्शनं झाली, तेव्हा मुंबईतही हे मुखवटे दिसले. ज्याचा पुतळा सरकारी कायद्याच्या आशीर्वादानं जळत होता, त्याचा चेहरा लावून लोक सरकारविरुद्ध उभे राहिले. मुखवट्याचे हक्क मात्र सिनेमा काढणाऱ्या बड्या अमेरिकन कंपनीकडे. अधिकृत मुखवटा विकला गेला, की पैसे तिच्या खिशात.

ब्रिटनमध्ये पुतळा घेऊन पेनी मागणारी मुलं आता क्वचितच दिसतात. तिथे १८ वर्षांखालच्यांना फटाके विकत घेता येत नाहीत आणि पेनीची किंमतही राहिलेली नाही. संसदेच्या उद्घाटनाआधी राजाचे रक्षक जुन्या पोशाखात तळघरांची झडती मात्र अजूनही घेतात, केवळ प्रथा म्हणून. आणि गाय फॉक्स ज्या शाळेत शिकला ती यॉर्कची सेंट पीटर्स शाळा आजही चालू आहे. ५ नोव्हेंबरला तिथे त्याचा पुतळा जाळत नाहीत. आपल्याच माजी विद्यार्थ्याला कसं जाळायचं?